एका ग्लुकोजचे एटीपी किती: ३८, ३६ की ३२?

गोव्यातल्या चोडणच्या अकरावीतल्या एका मुलाने मला तीन प्रश्न पाठवले आहेत. त्याच्या पाठ्यपुस्तकात एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी (पेशीची कामे ज्याच्या ऊर्जेवर चालतात तो रेणू) मिळतात असे लिहिले आहे, क्लासच्या नोट्समध्ये ३६ आहेत आणि बहिणीच्या बी.एस्सी.च्या पुस्तकात ३० ते ३२. यातले खरे कोणते? दुसरा प्रश्न: अन्न पेशीत 'जळते' म्हणतात, मग आपण आतून भाजत का नाही? आणि तिसरा: फुटबॉलची मॅच झाली की दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात, त्या लॅक्टिक आम्लामुळे का? शेवटी त्याने लिहिले आहे, "टीचर, पाठ करून मार्क मिळतात, पण समजले असे वाटत नाही."

सव्वीस वर्षे मी गोव्यात जीवरसायनशास्त्र शिकवते आहे. ते शेवटचे वाक्य नसते तर उत्तर चार ओळींत संपवले असते.

बाळा, आधी दुसरा प्रश्न घेते, कारण पहिल्याचे उत्तर त्याच्याच पोटात आहे.

अन्न जळते हे म्हणणे चुकीचे नाही. १७८०च्या दशकात फ्रान्समध्ये लव्हॉझिए आणि लाप्लास यांनी एका गिनी पिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवले. त्याच्या अंगच्या उष्णतेने बर्फ किती वितळला आणि त्याने कार्बन डायऑक्साइड किती सोडला, हे त्यांनी मोजले. मग कोळसा जाळून तेच मोजले आणि दोन्हींची तुलना करून निष्कर्ष काढला की श्वसन हे संथ ज्वलन आहे. एकूण हिशेबात ते आजही खरे आहे. १८० ग्रॅम ग्लुकोज चुलीत जाळा किंवा शरीरात पचवून पूर्ण वापरा, सुरुवातीला ग्लुकोज आणि प्राणवायू, शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी, आणि मोकळी होणारी ऊर्जा सुमारे २,८०० किलोज्यूल. त्यात फरक नाही. फरक वाटेत आहे.

जळणे म्हणजे खोलवर पाहिले तर इलेक्ट्रॉनचे स्थलांतर. साखरेत कार्बन आणि हायड्रोजन यांच्यामध्ये जे इलेक्ट्रॉन आहेत, त्यांच्यावरची पकड सैल असते. प्राणवायूची ओढ जबरदस्त. चुलीत ते इलेक्ट्रॉन एकाच उडीत प्राणवायूकडे जातात आणि सगळी ऊर्जा उष्णता आणि उजेड बनून निसटते. पेशीत तीच उंची ते पायरी-पायरीने उतरतात, आणि दर पायरीवर सुटणाऱ्या ऊर्जेतली थोडी पेशी पकडून ठेवते. म्हणून माझ्या वर्गात मी एकच सांगते: एटीपी मोजायला धावू नका, इलेक्ट्रॉनच्या मागे चला. ते कुठून निघाले, कोणी उचलले, कुठे उतरवले. एटीपीचा आकडा त्यातून आपोआप पडतो.

तर निघूया. पहिला टप्पा पेशीद्रव्यात, ग्लायकोलायसिस. दहा अभिक्रिया. सहा कार्बनच्या ग्लुकोजचे तीन-तीन कार्बनचे दोन पायरुव्हेट होतात. आधी २ एटीपी घालावे लागतात, मग ४ मिळतात, म्हणजे हातात २. त्या अभिक्रिया घडवणाऱ्या प्रथिनांची, म्हणजे दहाच्या दहा विकरांची, नावे पाठ करण्यात तुझ्या वयात फार वेळ घालवू नयेस असे माझे स्पष्ट मत आहे. महत्त्वाचे हे की वाटेत इलेक्ट्रॉनच्या दोन जोड्या निघाल्या आणि त्या एनएडी नावाच्या रेणूने उचलल्या. भरलेल्या एनएडीला एनएडीएच म्हणतात.

तू रोज रायबंदरची फेरीबोट पकडतोस ना? एनएडी म्हणजे ती फेरीबोट. एका खेपेला इलेक्ट्रॉनची एक जोडी. पेशीत या बोटी मोजक्याच असतात, आणि पलीकडच्या धक्क्यावर रिकाम्या होऊन त्या परतल्या नाहीत तर अलीकडे सगळे ठप्प होते, मग साखर कितीही असो. ही गोष्ट लक्षात ठेव, काजूच्या रसाकडे आणि तुझ्या मांड्यांकडे जाताना लागणार आहे.

दुसरा टप्पा तंतुकणिकेत, म्हणजे पेशीच्या आतल्या माइटोकॉन्ड्रियात. पायरुव्हेट आत जातो, त्याचा एक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतो आणि उरलेले दोन कार्बन क्रेब्स चक्रात शिरतात. हे चक्र हान्स क्रेब्सने १९३७ मध्ये इंग्लंडमध्ये शेफील्ड इथे मांडले. नाझी राजवटीमुळे जर्मनीतली नोकरी गेल्यावर तो तिकडे आला होता. त्याने कबुतराच्या छातीचा स्नायू बारीक करून वापरला, कारण सतत उडणाऱ्या पक्ष्याच्या त्या स्नायूत श्वसनाचा वेग भरपूर असतो. 'नेचर' या नियतकालिकाने त्याचे टिपण परत पाठवले. ते दुसरीकडे छापून आले आणि १९५३ मध्ये त्याच कामासाठी त्याला नोबेल मिळाले. चक्राच्या प्रत्येक फेरीत दोन कार्बन बाहेर पडतात, एक एटीपी (किंवा त्याच्याच तोलाचा जीटीपी) तयार होतो, आणि इलेक्ट्रॉनच्या चार जोड्या निघतात: तीन एनएडीवर, एक एफएडी नावाच्या दुसऱ्या वाहकावर (तो भरला की एफएडीएच-२).

आता जमाखर्च कर. ग्लायकोलायसिसमधून २ जोड्या, पायरुव्हेट चक्रात शिरण्याआधी २, आणि चक्राच्या दोन फेऱ्यांतून ८. एकूण १२ जोड्या, म्हणजे २४ इलेक्ट्रॉन. प्राणवायूचा एक रेणू ४ इलेक्ट्रॉन घेतो. २४ भागिले ४, बरोबर ६. समीकरणात ग्लुकोजच्या शेजारी जो ६ लिहितोस, तो हा. मला स्वतःला हे पहिल्यांदा दिसले तेव्हा वही मिटून मी बराच वेळ नुसती बसले होते. शाळेपासून पाठ असलेला आकडा होता, पण तो कशाची मोजणी आहे हे कोणी सांगितले नव्हते.

यातूनच आणखी एक गैरसमज जातो. आपण श्वासात घेतलेला प्राणवायू कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर येतो, असे जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी लिहितो. तसे होत नाही. घेतलेला प्राणवायू इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन स्वीकारून पाणी बनतो. दिवसाला साधारण पाव लिटर किंवा थोडे जास्त पाणी शरीरात असे तयार होते. कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन अन्नातला आणि चक्रात वापरलेल्या पाण्यातला असतो. प्राणवायू सगळ्यात शेवटी, पलीकडच्या धक्क्यावर उभा असतो. तो इलेक्ट्रॉन उतरवून घेतो, म्हणून बोटी फिरत राहतात.

आतापर्यंत थेट मिळालेले एटीपी फक्त ४. बाकीचे कुठून येतात?

इथे तुझे चोडण मदतीला येते. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचा, बांध तू लहानपणापासून पाहिला आहेस. बांधाच्या एका बाजूला खाडीचे चढलेले पाणी, दुसऱ्या बाजूला खाली शेत, आणि मध्ये मानस, म्हणजे पाण्याची ये-जा रोखणारे दार. तंतुकणिकेचा आतला पडदा म्हणजे तो बांध. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दोन लाखाव्या भागाएवढी. या पडद्यात प्रथिनांची एक साखळी बसवलेली आहे. एनएडीएच आपले इलेक्ट्रॉन तिच्या पहिल्या कडीला देतो, आणि तिथून ते एकेक पायरी उतरत प्राणवायूपर्यंत जातात. उतरताना सुटणाऱ्या ऊर्जेवर साखळीतले पंप चालतात, आणि ते आतले प्रोटॉन बांधाबाहेर फेकतात. बाहेर प्रोटॉन साठतात, आत कमी होतात. त्या साठलेल्या प्रोटॉनना परत आत यायचे असते, पण पडदा त्यांना सोडत नाही. एकच वाट असते, एटीपी सिंथेज नावाच्या प्रथिनाची. आपले मानस भरतीला मिटते आणि ओहोटीला उघडते. हे मानस वेगळे आहे: भरतीचे पाणी आत घेते आणि त्या ओघावर चाक फिरवते. चाक खरोखर फिरते, ही उपमा नाही. १९९७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्याला प्रथिनाचा चमकणारा धागा जोडून ते फिरताना सूक्ष्मदर्शकातून पाहिले. त्याच वर्षी या यंत्राच्या कामाबद्दल पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना नोबेल मिळाले. चाकाच्या एका पूर्ण फेरीत ३ एटीपी तयार होतात.

ही कल्पना १९६१ मध्ये पीटर मिचेलने मांडली तेव्हा फार थोड्यांनी ती मानली. सगळे जण इलेक्ट्रॉन आणि एटीपी यांना जोडणारा एखादा मधला रासायनिक पदार्थ शोधत होते. वर्षानुवर्षे शोधूनही तो सापडेना, कारण तो नव्हताच. मधला दुवा म्हणजे पडद्याच्या दोन बाजूंमधला प्रोटॉनचा चढउतार होता. मिचेलने पुढे इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये एक जुना वाडा दुरुस्त करून तिथे स्वतःची प्रयोगशाळा उभारली आणि एका छोट्या गटासह काम चालू ठेवले. १९७८ मध्ये त्याला नोबेल मिळाले.

आता तुझा पहिला प्रश्न सुटतो. मिचेलच्या आधी सगळ्यांना वाटत होते की इलेक्ट्रॉन उतरताना ठराविक जागी थेट एकेक एटीपी बनतो. तसे असेल तर आकडा पूर्णांकच हवा. म्हणून मोजमापे पूर्णांकाकडे ओढून एनएडीएचला ३ आणि एफएडीएच-२ला २ असा भाव ठरला. दहा एनएडीएचचे ३०, दोन एफएडीएच-२चे ४, थेट मिळालेले ४: एकूण ३८. पेशीद्रव्यातले दोन एनएडीएच मात्र स्वतः पडदा ओलांडू शकत नाहीत, त्यांचे इलेक्ट्रॉन दुसऱ्या वाहकाकडे सोपवावे लागतात. यकृत आणि हृदयात हे काम नुकसान न होता होते. दुसरी एक वाट आहे, ती स्नायूत आणि मेंदूत जास्त वापरली जाते, आणि तिथे प्रत्येकी एक एटीपी कमी पडतो. म्हणून ३६.

प्रोटॉनच्या हिशेबात भाव बदलतो. एका एनएडीएचच्या इलेक्ट्रॉनमुळे सुमारे १० प्रोटॉन बाहेर जातात, एफएडीएच-२च्या इलेक्ट्रॉनमुळे ६, कारण ते साखळीत एक पायरी खालून शिरतात. एक एटीपी करून तो पेशीद्रव्यात पोचवायला सुमारे ४ प्रोटॉन खर्च होतात. म्हणजे भाव अडीच आणि दीड. दहा गुणिले अडीच, २५. दोन गुणिले दीड, ३. थेट ४: एकूण ३२. दुसऱ्या वाटेने गेल्यास ३०. तुझ्या बहिणीच्या पुस्तकातला आकडा तो हा. आणि तोही दगडावरची रेघ नाही. त्या चाकाचे दाते सगळ्या सजीवांत सारखे नसतात. सस्तन प्राण्यांत ८ आहेत, यीस्टमध्ये १०. दाते बदलले की एका फेरीचा प्रोटॉनचा खर्च बदलतो.

शिवाय बांध गळतो. कुर्ल्या बांधाला बिळे पाडतात आणि मानस न उघडताही खारे पाणी शेतात येते, हे तुला मी सांगायला नको. पडद्यातूनही थोडे प्रोटॉन असेच चाक न फिरवता आत येतात. त्यांची ऊर्जा नुसती उष्णता होते. तान्ह्या बाळाच्या अंगात तपकिरी चरबी असते, तिच्यात अशी वाट मुद्दाम ठेवलेली असते, बाळाला ऊब मिळावी म्हणून. आणि १९३०च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफिनॉल नावाचे रसायन वजन घटवण्यासाठी लोकांनी घेतले. ते पडद्यातून प्रोटॉन सरळ आत आणते. इलेक्ट्रॉन धावत राहतात, अन्न भराभर संपते, एटीपी मात्र बनत नाही, आणि ताप चढत जातो. माणसे मेली. १९३८ मध्ये ते तिथे बंद झाले. आजही वजन घटवण्याच्या नावाखाली कोणी हे इंटरनेटवरून विकताना दिसले तर लांब राहा, आणि जिममधल्या मित्रांनाही सांग.

म्हणजे आपण आतून भाजत नाही, कारण उडी एकदम पडत नाही. तरी ऊर्जेचा बराचसा भाग उष्णता होतोच, आणि तीच आपली ३७ अंशांची ऊब.

इथे माझी एक चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी ३८ हेच शिकवत असे. एका मुलाने पेपरात ३६ लिहून बाजूला कारणही दिले होते. मी त्यावर लाल रेघ मारली आणि गुण कापले. तो विचारायला आला नाही, आणि मला उमगले तोवर तो पास होऊन गेला होता. तेव्हापासून आकडा चुकला तरी मी आधी शेजारची मांडणी वाचते.

आता काजू. माझे माहेर सत्तरी तालुक्यातले. मार्च-एप्रिलमध्ये बोंडांचा रस काढून ठेवला की दुसऱ्याच दिवशी तो फसफसू लागे, आणि आम्हा मुलांना वाटे की कोणीतरी खालून जाळ घातला आहे. त्या रसात यीस्ट काम करत असते. भांड्याच्या तळाशी प्राणवायू संपतो, पलीकडचा धक्का बंद होतो, भरलेल्या बोटी अडकतात. ग्लायकोलायसिसमधून मिळणारे २ एटीपी तरी मिळत राहायचे तर एनएडी मोकळा व्हायलाच हवा. मग यीस्ट पायरुव्हेटमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकते, तोच तो फेस, आणि उरलेल्या तुकड्यावर इलेक्ट्रॉन उतरवते. तो झाला अल्कोहोल. १८० ग्रॅम ग्लुकोजमधून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू. साखरेतली बहुतेक ऊर्जा अल्कोहोलमध्येच राहते, म्हणून तर ते पेटते. रसात साखर भरपूर असेल तर हे यीस्ट हवा मिळत असतानाही आंबवणेच पसंत करते, कारण त्या वाटेचा वेग जास्त आहे. हे सगळे जिवंत पेशीशिवाय होऊच शकत नाही असे पाश्चरच्या काळात मानत. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनरने यीस्ट वाळूत घोटून, पिळून, पेशी नसलेला रस घेतला, त्यात साखर घातली, आणि ती आंबली. विकरांचे शास्त्र तिथून सुरू झाले.

तुझ्या मांडीत शेवटच्या धावेला जवळपास हेच होते. स्नायूला इतक्या घाईने एटीपी हवा असतो की तंतुकणिकांची गती पुरत नाही. मग स्नायू इलेक्ट्रॉन थेट पायरुव्हेटवर उतरवतो आणि लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचेच शरीरातले रूप) बनतो. बोटी मोकळ्या, खेळ चालू. हा लॅक्टेट कचरा नाही. रक्तातून तो हृदयाकडे जातो, तिथे इंधन म्हणून वापरला जातो. यकृताकडे जातो, तिथे त्याचे पुन्हा ग्लुकोज होते. मॅच संपल्यावर तासाभरात तो जवळजवळ नेहमीच्या पातळीवर येतो. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा दोष त्याला देता येत नाही. ते दुखणे स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांचे आणि त्यानंतर येणाऱ्या दाहाचे. उतारावरून धावल्यावर किंवा बऱ्याच दिवसांनी खेळल्यावर ते जास्त जाणवते, तेही म्हणूनच.

एटीपीबद्दल एक राहिले. तो साठवून ठेवण्याची चीज नाही. शरीरात कुठल्याही क्षणी तो शंभर ग्रॅमच्या आसपासच असतो, पण दिवसभरात जवळजवळ आपल्या वजनाइतका एटीपी बनतो आणि मोडतो. तोच रेणू पुन्हा पुन्हा, दिवसातून शेकडो वेळा. १९२९ मध्ये तो स्नायूत सापडला, जर्मनीत कार्ल लोमान यांना आणि त्याच सुमारास अमेरिकेत सायरस फिस्के आणि आपल्या आंध्रातल्या भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. सुब्बाराव यांचे नाव तुझ्या पुस्तकात नसेल तर समासात लिहून ठेव.

साठवण चरबीत असते. खोबरेल तेलात जवळपास निम्मे लॉरिक आम्ल असते. १२ कार्बनचे ते आम्ल दोन-दोन कार्बनांनी तुटत त्याच क्रेब्स चक्रात शिरते आणि ७८ एटीपी देते. १२ कार्बनच्याच दोन ग्लुकोजना ६४. ग्रॅमच्या हिशेबात तेल दुपटीहून सरस पडते, कारण साखरेत आधीच बराच ऑक्सिजन बसलेला आहे, म्हणजे ती अर्धवट 'जळून' आलेली आहे. तेलात इलेक्ट्रॉन जास्त शिल्लक असतात. इथेही इलेक्ट्रॉनच मोजायचे.

तुझ्या आईने चिठ्ठीत खाली एक ओळ जोडली होती: आजी म्हणते उकड्या तांदळाच्या पेजेने अंगात बळ येते, त्यात काही तथ्य आहे का? ताई, आहे. पायरुव्हेटला क्रेब्स चक्राच्या दारातून आत नेणाऱ्या विकराला ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, लागते. ते नसेल तर पायरुव्हेट दारातच अडकतो, लॅक्टेट साठतो, आणि मज्जातंतू आणि हृदय दुबळे होतात. हाच बेरीबेरी. १८९०च्या दशकात जावामध्ये आइकमन या डच डॉक्टरला दिसले की पांढऱ्या सडीच्या तांदळावर वाढलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंडा दिला की सावरतात. थायमिन कोंड्यात असते आणि सडताना निघून जाते. भात सालासकट उकडला की ते पाण्याबरोबर दाण्याच्या आत सरकते, आणि मग सडले तरी बरेच टिकते. शिवाय पेजेचे पाणी आपण ओतून देत नाही, पितो. थायमिन पाण्यात विरघळते, त्यामुळे जे दाण्यातून सुटले तेही पोटात जाते. ब-२ जीवनसत्त्वापासून एफएडी बनतो आणि ब-३ पासून एनएडी; त्यातले ब-३ही या तांदळात सडीच्या पांढऱ्यापेक्षा जास्त टिकते.

आता पेपर. प्रश्न 'किती एटीपी' एवढाच असेल तर तुझ्या पाठ्यपुस्तकातला आकडा लिही, कारण तपासणाऱ्याच्या हातातल्या नमुना उत्तरात तोच असतो. पण त्याच्या शेजारी १० एनएडीएच, २ एफएडीएच-२ आणि ४ थेट एटीपी हा तक्ता मांड, आणि खाली एक ओळ घाल की प्रोटॉनच्या हिशेबाने आज ३० ते ३२ मानतात. बहिणीला सांग, तिच्या पुस्तकात साखळीची आकृती असेल त्या पानावर प्रत्येक पंपाखाली प्रोटॉनचा आकडा लिहून काढ: ४, ४, २. मधली एफएडीवाली कडी पंप करत नाही, ती रिकामी ठेव. बेरीज दहा येते का ते बघा.